गिअरबॉक्सचे काम झाल्यावर गाडी परत आली तर

गिअरबॉक्सचे काम करून दिलेली गाडी चार-आठ दिवसांत परत आली की गॅरेजमध्ये बहुधा दोनपैकी एक गोष्ट घडते. मिस्त्री म्हणतो, "हे तर आधीचंच होतं, आमच्या कामाचा याच्याशी काही संबंध नाही." नाहीतर तो जॅक लावून अख्खा बॉक्स पुन्हा खाली उतरवतो. आमच्या मते दोन्ही चूक. पहिल्याने गिऱ्हाईक तुटते, दुसऱ्याने उस्तादाचा दिवस आणि शागीर्दाची मजुरी वाया जाते. टॅक्सीवाला असेल तर त्याचाही रोज बुडतो.

पुष्कळदा दोष बॉक्सच्या बाहेरच असतो. बॉक्स उतरवताना क्लचची केबल, गिअरचे लिंकेज, माउंटिंग, ड्राइव्ह शाफ्ट हे सगळे सोडावे लागते. बसवताना यातले एखादे ढिले राहते किंवा वाकडे बसते.

"उस्ताद, गिअरच पडून नाई राह्यला," अशी तक्रार घेऊन गिऱ्हाईक आले, तर आधी इंजिन बंद करून गिअर टाकून पाहावा. बंद इंजिनावर सगळे गिअर सहज पडतात आणि चालू इंजिनावर खरखरतात, विशेषतः रिव्हर्स, तर क्लच पूर्ण सुटत नाही असे समजावे. केबलचा ताण पाहावा, ऑइलवर चालणारा क्लच असेल तर त्यात हवा शिरली आहे का ते पाहावे. क्लच प्लेट उलटी बसली असेल तरी हेच होते, पण ते सर्वांत शेवटी तपासावे. इंजिन बंद असतानाही गिअर पडत नसेल तर लिंकेज आणि त्याचे बुश पाहावेत. गिअर आपोआप निसटतो तेव्हाही आधी माउंटिंगचे बोल्ट आणि लिंकेज पाहावे. ते ठीक असेल तरच आतल्या स्लीव्ह-फोर्कवर संशय घ्यावा.

आवाजाची तक्रार जरा अवघड असते. अमरावती-अकोला महामार्गावर लोणी ते मूर्तिजापूर हा एका लेनच्या हिशेबाने ७५ किलोमीटरचा डांबरी पट्टा जून २०२२ मध्ये १०५ तास ३३ मिनिटांत टाकला गेला आणि त्याची जागतिक विक्रमात नोंद झाली. खड्ड्यांच्या दणक्यात जो आवाज पूर्वी दबून जात असे, तो सपाट रस्त्यावर गिऱ्हाइकाला स्वच्छ ऐकू येतो! तेव्हा "तुम्हाला भास होतो" असे सांगून भागत नाही. गाडी उभी, गिअर न्यूट्रल, इंजिन चालू. क्लच दाबल्यावर आवाज आला तर रिलीज बेअरिंग. क्लच दाबल्यावर आवाज थांबला तर इनपुट शाफ्टचे बेअरिंग. एकाच गिअरमध्ये येत असेल तर त्या गिअरचा दोष. आणि सगळ्या गिअरांत गाडीच्या वेगाबरोबर वाढत असेल, तर बॉक्स उघडण्याआधी चाकाचे बेअरिंग आणि ऑइलची पातळी पाहावी.

ऑइलविषयी थोडे सविस्तर सांगितले पाहिजे, कारण बेपर्वाई इथेच जास्त होते. पुढच्या चाकांवर चालणाऱ्या गाडीचा ड्राइव्ह शाफ्ट ओढला की ऑइल गळते, आणि घाईत पुरते भरले जात नाही. गाडी सपाट जागी उभी करून भरण्याच्या छिद्राच्या काठापर्यंत ऑइल येते का, हे बोट घालून पाहायला दोन मिनिटे पुरतात. ऑइल कोणते, हेही महत्त्वाचे. जीएल-४ सांगितलेल्या बॉक्समध्ये जीएल-५ ओतले तर त्यातली रसायने सिंक्रोनायझरच्या पितळी रिंगांना मारक ठरू शकतात. डब्यावर मोठा आकडा आहे म्हणून ऑइल भारी, असे नव्हे. दुकानदार बांधवांनीही गिऱ्हाइकाला गाडीचे नाव विचारल्याशिवाय डबा देऊ नये.

आता पैशाचा प्रश्न. आपल्या कामातली चूक असेल तर मजुरी आणि ऑइल दोन्ही आपल्या खिशातून जावे. दोष नवा असेल तर तो गिऱ्हाइकाला दाखवून, रक्कम ठरवून मगच पाना लावावा. शंका असेल तिथे मजुरी सोडावी, पार्टचे पैसे घ्यावेत. यासाठी पहिल्याच दिवशी पावती हवी: काय उघडले, कोणते पार्ट टाकले, कोणते ऑइल किती भरले, किलोमीटर किती. जुने पार्ट पिशवीत घालून परत द्यावेत. गाडी सोपवण्यापूर्वी गिऱ्हाइकाला शेजारी बसवून चक्कर मारावी. ग्राहक संरक्षण कायदा २०१९ हा जुलै २०२० पासून लागू आहे, आणि पैसे घेऊन केलेली दुरुस्ती त्यात सेवा ठरते. गिऱ्हाईक जिल्हा आयोगाकडे गेले तर टिनाच्या शेडमधल्या मिस्त्रीलाही उत्तर द्यावे लागेल. त्या वेळी तोंडी शब्दापेक्षा पावती कामी येते.

एका बाबतीत मात्र दोष मिस्त्रीचा नाही. २०१४ साली सेलेरिओपासून आपल्याकडे क्लच पेडल नसलेल्या स्वस्त गाड्या आल्या. त्यांचा बॉक्स नेहमीचाच असतो, पण क्लच आणि गिअर यंत्र चालवते. नवा क्लच बसवल्यावर स्कॅनर लावून त्या यंत्राला क्लच पुन्हा शिकवावा लागतो. नाहीतर काम चोख असूनही गाडी झटके देते. त्याच वर्षी ऑगस्टमध्ये भारतीय स्पर्धा आयोगाने १४ मोटार कंपन्यांना सुमारे २,५४५ कोटी रुपयांचा दंड ठोठावला होता. सुटे भाग आणि तपासणीची साधने बाहेरच्या गॅरेजांना खुलेपणाने मिळू देत नाहीत, हा ठपका होता. प्रकरण पुढे अपिलात गेले.

तोवर हातावर हात ठेवून बसण्यात अर्थ नाही. परतवाडा, मूर्तिजापूर, अकोट अशा गावांतल्या चार गॅरेजांनी भागीदारीत एक चांगला स्कॅनर घ्यावा. कोणाकडे कोणत्या दिवशी राहील, बिघडला तर खर्च कसा वाटायचा आणि बाहेरच्या गाडीला किती आकारायचे, हे विकत घेण्यापूर्वीच कागदावर लिहून चौघांच्या सह्या घ्याव्यात.