हॉलचं भाडं बघता, मग व्हिसाही बघा

परवा लिहिलं होतं की युरोपातल्या एका परिषदेचं मला आलेलं निमंत्रण व्हिसाअभावी वाया गेलं. त्याखाली एका मित्राची कमेंट: "कागदपत्रं नीट दिली नसशील. आयोजकांचा त्यात काय दोष?" चार-पाच जणांनी त्याला लाइकही ठोकलं. म्हणून हे जरा सविस्तर.

कागदपत्रं नीट होती. रात्रीच्या गाडीने मुंबई गाठली, बोटांचे ठसे दिले, ९० युरो फी भरली (ती परत मिळत नाही बरं का), बँकेचं स्टेटमेंट, सातबारा, संपादकांचं पत्र, सगळं जोडलं. हातात आला एक छापील कागद, एका चौकटीत खूण केलेला. मुदत संपण्याआधी तुम्ही परत जाल याबद्दल शंका आहे, म्हणे. पंचेचाळिशीचा माणूस, घरी म्हातारी आई, दोन पोरं, बांधावर भांडणारा चुलतभाऊ. हे सगळं सोडून मी कुठं पळणार होतो? परिषदेचा विषय होता ग्रामीण पत्रकारिता. ती झाली, छान झाली असं कळलं. बोलले ते बहुतेक राजधान्यांत राहणारे.

त्या अधिकाऱ्यावर माझा राग नाही. आयोजकांवर आहे. हॉल, हॉटेल, विमानतळापासूनचं अंतर, जेवणाच्या ताटाचा दर, सगळं त्यांनी तपासलं असणार. आपण बोलावलेल्या किती जणांना दार उघडेल, तेवढं तपासायचं राहिलं. विचारलं तर उत्तर ठरलेलं: व्हिसा हा सरकारचा विषय, आमच्या हातात काही नाही.

साफ खोटं. एचआयव्ही असलेल्या परदेशी माणसाला देशात घ्यायचं नाही असा नियम अमेरिकेने १९८७ साली केला. १९९२ ची जागतिक एड्स परिषद बोस्टनला व्हायची होती. ज्यांच्या आजाराबद्दल बोलायचं त्यांनाच दारात अडवणार असाल तर परिषद कसली? आयोजकांनी ती उचलून ॲमस्टरडॅमला नेली. पुढे बंदी २०१० मध्ये उठली आणि २०१२ ला परिषद वॉशिंग्टनला भरली. तोवर १९९० नंतर एकदाही अमेरिकेत नाही. आणि १९८८ साली अमेरिकेने अराफत यांना व्हिसा नाकारला, तेव्हा संयुक्त राष्ट्रांच्या आमसभेने १५४ विरुद्ध २ मतांनी ती चर्चाच जिनिव्हाला हलवली. आमसभा हलू शकते, मग तीनशे खुर्च्यांची परिषद का नाही?

गंमत म्हणजे तीच एड्स परिषद २०२२ मध्ये माँट्रियलला घेतली आणि आफ्रिकेतल्या कितीतरी प्रतिनिधींना कॅनडाने व्हिसाच दिला नाही. संयुक्त राष्ट्रांच्या एड्स कार्यक्रमाच्या प्रमुख विनी ब्यानयिमा यांनाही जिनिव्हाच्या विमानतळावर विमानात बसू देताना खळखळ झाली. त्यांची ही गत, मग गावपातळीवर काम करणाऱ्या नर्सचं काय?

बरं, व्हिसा मिळाला म्हणजे झालं असंही नाही. व्हिसा फक्त खिडकीपर्यंत नेतो, आत सोडायचं की नाही ते खिडकीतला माणूस ठरवतो. मार्च २०२५ मध्ये ह्यूस्टनजवळच्या परिषदेला निघालेल्या एका फ्रेंच शास्त्रज्ञाला अमेरिकेने विमानतळावरून परत पाठवलं. फ्रान्सचे मंत्री म्हणाले, फोनमध्ये ट्रम्प यांच्या संशोधन धोरणावर टीका सापडली म्हणून. अमेरिका म्हणाली, तसं नाही, त्याच्याकडे प्रयोगशाळेची गोपनीय माहिती होती. खरं कुणाचंही असो, फोन तपासला जातो हे जाणाऱ्याला आधी कुणी सांगितलं होतं का?

आता आपल्या दारात बघू. २०१८ मध्ये दिल्लीत आशिया-अभ्यासकांची मोठी परिषद होती. पाकिस्तानी अभ्यासकांना व्हिसा मिळणार नाही असं आपल्या सरकारने कळवलं. आयोजकांनी खेद व्यक्त केला आणि परिषद उरकली. २०१९ मध्ये पुलवामानंतर पाकिस्तानी नेमबाजांना दिल्लीच्या विश्वचषकासाठी व्हिसा मिळाला नाही. तेव्हा आंतरराष्ट्रीय ऑलिम्पिक समितीने खेद वगैरे व्यक्त केला नाही. पुढच्या स्पर्धांबाबत भारताशी बोलणी थांबवली, लेखी हमी मागितली. काही महिन्यांत हमी मिळाली. पुलवामाचा संताप मलाही होता, आजही आहे. पण यजमान व्हायचं तर पाहुण्यांची यादी आपल्या रागावर ठरत नाही.

सगळ्यांना सोपा असा देश जगात नाही, मान्य. २०२३ च्या शेवटी थायलंड-मलेशियाने भारतीयांसाठी व्हिसाची अट काढली. आपल्याला सोपं झालं, दुसऱ्या कुणाला तेच अवघड असेल. म्हणून तर जागा ठरवण्याआधी निमंत्रितांचे पासपोर्ट कुठले ते विचारा. पत्रं सहा महिने आधी पाठवा. यजमान सरकारकडून लेखी घ्या. आणि शेवटी किती जण येऊ शकले नाहीत तो आकडा समारोपाच्या फोटोखाली छापा. "ऑनलाइन जोडून घ्या की" म्हणणाऱ्यांना एवढंच, परिषदेतलं खरं काम चहाच्या टेबलावर होतं, आणि तो चहा झूमवर मिळत नाही.

त्याच संस्थेचं पुढच्या वर्षीचं निमंत्रण काल आलंय. होकार दिलेला नाही. गेल्या वेळी किती जणांना व्हिसा नाकारला गेला आणि यंदा जागा कुणी, काय बघून ठरवली, एवढं विचारलंय. उत्तर आलं की इथंच टाकतो.