पायलट व्हायचंय? आधी डावं-उजवं पक्कं करा

लखनौचे शुभांशु शुक्ला २५ जून २०२५ रोजी आंतरराष्ट्रीय अंतराळ स्थानकाकडे झेपावले आणि घराघरांत टीव्हीसमोर गर्दी झाली. शुक्ला मूळचे हवाई दलाचे फायटर पायलट. तेव्हापासून तुमच्याही घरात कुणी ‘मला पायलटच व्हायचंय’ असा हट्ट धरला असेल, तर नवल नाही. मग गणित-फिजिक्सचे क्लास लागतात, इंग्रजी बोलण्याचा सराव सुरू होतो. राहून जाते ती नेमकी आयुष्यात एकदाच देता येणारी चाचणी.

तिचं नाव सीपीएसएस, म्हणजे कॉम्प्युटराइज्ड पायलट सिलेक्शन सिस्टिम. पूर्वी याच जागी पीएबीटी होती. हवाई दलाच्या निवड मंडळाने मुलाखतीत पसंत केलेल्या, फ्लाइंग ब्रँच मागणाऱ्या उमेदवारांना ती द्यावी लागते. लखनौच्या मुलांना जवळचं मंडळ वाराणसीचं. इथे नापास झालं की फ्लाइंग ब्रँचचं दार कायमचं बंद. बारावीनंतर एनडीएच्या वेळी हुकलं, तर पदवीनंतर एएफकॅट देऊनही ते उघडत नाही.

चाचणीत पाठांतराला जागा नाही. स्क्रीनवर विमानातल्या घड्याळांसारख्या डायल दिसतात: उंची, वेग, दिशा, विमान वर चाललंय की खाली, कोणत्या बाजूला कललंय. ते पाहून विमान हवेत कसं आहे, हे काही सेकंदांत ओळखायचं. शिवाय काठी आणि पेडल वापरून हातापायांचा मेळ तपासला जातो, पण बहुतेकांची गाडी अडते ती डायलपाशीच.

त्यातही सगळ्यात फसवी डायल म्हणजे कृत्रिम क्षितिज. वर निळं आकाश, खाली तपकिरी जमीन, मध्ये विमानाची छोटी खूण. विमान डावीकडे कललं की डायलवरची क्षितिजाची रेषा उजवीकडे कलते! पहिल्यांदा पाहणारा हमखास उलटं उत्तर देतो. (जुन्या सोव्हिएत बनावटीच्या अनेक विमानांत रेषेऐवजी विमानाची खूणच कलायची. म्हणजे गोंधळ जगभरच्या इंजिनीअरांचाही होता म्हणायचा.)

हे समजून घ्यायला महागडा सिम्युलेटर नको, हातातला फोन पुरे. खिडकीच्या कठड्यासमोर उभे राहा, फोन डावीकडे कलता धरा आणि फोटो काढा. आता फोन सरळ धरून फोटो पाहा. कठडा उजवीकडे कललेला दिसेल. फोनची चौकट म्हणजे तुमचं विमान, कठडा म्हणजे क्षितिज. आता कॅमेरा थोडा वर करून बघा, कठडा स्क्रीनवर खाली सरकेल. म्हणजेच विमानाचं नाक वर गेलं की डायलवर आकाश जास्त दिसतं. असे दहा-बारा फोटो काढून ठेवा आणि दुसऱ्या दिवशी घरच्यांना ते दाखवून तुमची परीक्षा घ्यायला सांगा.

दिशांचा सराव तर रस्त्यावरही होतो. फोनवरच्या नकाशात उत्तर कायम वर ठेवायची सवय लावा, नकाशा आपल्याबरोबर फिरू देऊ नका. दक्षिणेकडे जाताना डावं वळण घेतलं की नकाशावर तुम्ही उजवीकडे सरकता. आठवडाभर डोकं गरगरेल, मग सरावाचं होईल.

धावपट्टीचे आकडेही कामाचे. लखनौ विमानतळाची धावपट्टी ०९/२७, मुंबईची मुख्य धावपट्टीही ०९/२७. शेवटी शून्य जोडलं की अंश मिळतात: ०९० म्हणजे पूर्व, २७० म्हणजे पश्चिम. आता सांगा, २७ वरून उड्डाण केलं आणि उजवीकडे ९० अंश वळलात, तर तोंड कुठे? उत्तर आहे उत्तरेकडे. असे प्रश्न जेवताना एकमेकांना विचारा. धाकट्यांना तर फारच मजा येते.

आणि लखनौला असाल किंवा फिरायला गेलात, तर बडा इमामबाड्यातली भूलभुलैया चुकवू नका. नवाब असफउद्दौलाने १७८४ मध्ये दुष्काळाच्या काळात लोकांना काम मिळावं म्हणून हे बांधकाम काढलं. गाइडच्या मागे चालताना प्रत्येक वळणावर ‘आता उत्तर कुठे?’ हे मनातल्या मनात ठरवा. बाहेर गच्चीवर आल्यावर पडताळून पाहा.

रोज वीस मिनिटं पुरेत, पण घड्याळ लावून. ‘हमखास सीपीएसएस पास’ म्हणणाऱ्या जाहिरातींवर माझा विश्वास नाही. सरावाने गोंधळ कमी होतो, वेग वाढतो. त्यापलीकडचं कुणी विकत देऊ शकत नाही. चाचणीआधी सूचना समजावून सांगतात, त्या वेळी कान उघडे ठेवणं जास्त मोलाचं. आदल्या रात्रीची झोपही तितकीच.

पालकांनो, यात मागे पडलेलं मूल बुद्धीने कमी नसतं. लढाऊ विमानाला लागणारा एक विशिष्ट गुण इथे मोजतात, एवढंच. नागरी विमानसेवेचा रस्ता वेगळा आहे. रायबरेलीच्या पुढे फुरसतगंजला इंदिरा गांधी राष्ट्रीय उडाण अकादमी आहे. तिची स्वतःची प्रवेश परीक्षा असते आणि तिथेही मुलाखतीबरोबर पायलट अ‍ॅप्टिट्यूड पाहिलं जातं, तेव्हा वरचा सराव वाया जाणार नाही. हवाई दलातच जायचं असेल, तर एएफकॅटचा फॉर्म भरताना फ्लाइंगबरोबर ग्राउंड ड्युटीचे पर्यायही भरा. एनडीएच्या फॉर्ममध्ये लष्कर आणि नौदलाचे रकाने रिकामे सोडू नका.