विमान भाड्याचं, थकहमी आमची

एका रविवार पुरवणीतला लेख वाचला आणि दोन दिवस तो डोक्यातून जाईना. लेखक विमान वाहतुकीतले जाणकार आहेत, आकडे त्यांना पाठ आहेत, लिहिण्याची हातोटी आहे. म्हणूनच त्यांचं म्हणणं जास्त खटकलं. ते थोडक्यात असं: मे २०२३मध्ये गो फर्स्ट बंद पडू दिली ही सरकारची घोडचूक होती. तेव्हा ती वाचवली असती तर देशाचं आकाश दोन कंपन्यांच्या मुठीत गेलं नसतं. डिसेंबर २०२५मध्ये इंडिगोची हजारो उड्डाणं रद्द झाली तेव्हा लोकांना दुसरी सोय राहिली असती. नोकऱ्या टिकल्या असत्या, लहान शहरं जोडलेली राहिली असती. म्हणून पुढची स्वस्त विमान कंपनी बुडू लागली की सरकारने हात आखडता घेऊ नये. पैसे द्यावेत, हमी द्यावी, वेळ पडली तर भागभांडवल घ्यावं. जगभर असंच करतात, आणि रेल्वे सरकार चालवतं तर विमान का नाही, असा शेवटचा टोला.

यातला एकही मुद्दा मला पटलेला नाही.

सुरुवात त्यांच्या पहिल्याच वाक्यापासून करतो, कारण तिथेच इतिहास गाळलाय. 'सरकारने काहीच केलं नाही' हे खरं नाही. करोनाच्या काळात केंद्राने आपत्कालीन पतहमी योजना आणली. बँकेने कर्ज द्यायचं आणि ते बुडालं तर शंभर टक्के भरपाई सरकारी हमीतून, अशी ती योजना. ऑक्टोबर २०२२मध्ये विमान कंपन्यांसाठी तिची मर्यादा ४०० कोटींवरून १,५०० कोटींवर नेली. त्यातले ५०० कोटी मालकांनी स्वतःचं भांडवल ओतलं तरच विचारात घ्यायचे, अशी अटही होती. ही हमी घेणाऱ्यांत गो फर्स्ट होती. मर्यादा वाढल्यावर सात महिन्यांच्या आत, २ मे २०२३ला, कंपनी दिवाळखोरीचा अर्ज घेऊन राष्ट्रीय कंपनी कायदा न्यायाधिकरणाच्या दारात उभी राहिली. अर्जातली एकूण देणी ११,४६३ कोटी रुपयांची होती. म्हणजे हात दिला गेला होता, आणि तो हात धरूनही कंपनी बुडाली. लेखकाला हे माहीत नसेल यावर माझा विश्वास बसत नाही.

आता मुख्य गोष्ट. वाचवायचं म्हणजे नेमकं काय वाचवायचं? विमान कंपनी म्हटलं की आपल्या डोळ्यांपुढे विमानं येतात. पण स्वस्त विमान कंपनीकडे स्वतःच्या मालकीची विमानं बहुतेक नसतातच. ती भाड्याची असतात. हा धंदा कसा चालतो ते जरा नीट बघू. कंपनी कारखान्याकडे एकदम शे-दीडशे विमानांची ऑर्डर नोंदवते, त्यामुळे घसघशीत सूट मिळते. विमान ताब्यात आलं की ते ती भाड्याने देणाऱ्या कंपनीला विकते (यातल्या कितीतरी आयर्लंडमध्ये बसलेल्या आहेत) आणि तेच विमान तिच्याकडून आठ-दहा वर्षांच्या भाडेकराराने परत घेते. विक्रीच्या दिवशी हातात रोकड येते, वरचा नफा वहीत दिसतो, पाहणाऱ्याला कंपनी भरभराटीला आल्यासारखी वाटते. मग दरमहा भाडं सुरू होतं, तेही डॉलरमध्ये. शिवाय देखभालीची राखीव रक्कम वेगळी. तिकिटं मात्र रुपयांत विकायची. रुपया घसरला की कंपनीने काहीही न करता तिचं भाडं वाढतं. इंधनाचा वाटा एकूण खर्चाच्या तिसऱ्या हिश्श्याच्या आसपास, कधी त्याच्याही वर जातो आणि त्याचा भाव जगाच्या बाजारात ठरतो. विमानतळावरची उड्डाणाची वेळ, जिला स्लॉट म्हणतात, ती कंपनीची मालमत्ता नसते. वापरली नाही तर काढून घेतली जाते. वैमानिक नोटिशीची मुदत भरून दुसरीकडे जातो. उरतं काय? एक नाव, एक रंग, आरक्षणाची यंत्रणा आणि लोकांनी पुढच्या तारखांसाठी आगाऊ भरलेले पैसे. ते पैसेही खर्च झालेले असतात.

अशा कंपनीला सरकारने उद्या हजार कोटी दिले तर ते कुठे जातील? अडचणीतल्या विमान कंपनीला तेल कंपन्या उधार देणं बंद करतात, रोज सकाळी रोख टाका आणि टाकी भरा असा व्यवहार सुरू होतो. विमानतळही तसंच करतात. म्हणजे पहिला हप्ता तेलात, दुसरा विमानतळाच्या थकबाकीत, तिसरा डब्लिनमधल्या भाडेवाल्याकडे. आठवड्याभरात खातं पुन्हा रिकामं, आणि विमान तेव्हाही कंपनीचं नाहीच. आडातच नाही तर पोहऱ्यात कुठून येणार?

गो फर्स्टचं म्हणणं होतं की दोष प्रॅट अँड व्हिटनीच्या इंजिनांचा. निम्मी विमानं त्यांच्यामुळे जमिनीवर बसली हे खरंच आहे. पण त्याच जातीच्या इंजिनांमुळे २०२४च्या सुरुवातीला इंडिगोचीही सत्तरहून जास्त विमानं उभी होती आणि ती कंपनी तगली, कारण तिच्या गाठीला रोकड होती. इंजिनाचा घाव दोघींना बसला; एकीच्या अंगात रक्त होतं, दुसरीच्या नव्हतं.

माझा भाचा विमानांच्या देखभालीचं काम करतो. त्याच्याबरोबर एकदा मुंबईहून निघालो होतो. आमचं विमान धावपट्टीकडे सरकत असताना कडेला एक विमान उभं दिसलं. खिडक्या आतून झाकलेल्या, नळ्यांची तोंडं कापडाने बांधलेली, आणि पंखांखाली इंजिनांच्या जागी पिवळे ठोकळे टांगलेले. मी विचारलं तर म्हणाला, "मामा, इंजिनं काढून नेली की पुढचं वजन जातं. वाऱ्याने मागे कलू नये म्हणून वजनं बांधतात." त्या ठोकळ्यांकडे बघताना माझ्या मनात आलं, लोक ज्याला वाचवा म्हणतात ते हे. ज्याचं इंजिन दुसऱ्याने उतरवून नेलंय आणि सांगाडाही दुसऱ्याचा आहे.

गो फर्स्टच्या विमानांचं पुढे काय झालं तेही पाहा. भाडेवाले महिन्याभरातच विमानं परत मागू लागले, दिवाळखोरीच्या कायद्यातल्या स्थगितीने ते अडले, आणि वर्षभर विमानं उन्हापावसात पडून राहिली. शेवटी एप्रिल २०२४मध्ये दिल्ली उच्च न्यायालयाने ५४ विमानांची नोंदणी पाच कामकाजाच्या दिवसांत रद्द करायला सांगितलं. जानेवारी २०२५मध्ये कंपनी अवसायनात निघाली. आता तर २०२५मध्ये वेगळा कायदाच झालाय, त्यानुसार भाडेवाल्याला विमानासाठी फार तर दोन महिने थांबावं लागेल. यापुढे बुडत्या कंपनीत सरकारने पैसे घातले आणि भाडेवाल्याशी सूर जमला नाही, तर साठ दिवसांत हातात फक्त नाव उरेल.

इथे मला एक जुना वाद आठवतो. सहकारी साखर कारखान्यांना राज्याने थकहमी द्यावी का, यावर मी पूर्वी पोटतिडकीने लिहिलं होतं आणि शिव्याही खाल्ल्या होत्या. तेव्हाचा युक्तिवाद आजच्या लेखातल्यासारखाच होता: 'एवढी एक वेळ तारून न्या, पुढचा हंगाम चांगला आहे.' हमी दिली जायची, हंगाम यायचा आणि जायचा, बँक हमीचा कागद घेऊन मंत्रालयात यायची. माझा विरोध तेव्हाही होता. पण एक फरक मी आज प्रामाणिकपणे मान्य करतो. बुडालेल्या कारखान्याकडे निदान जमीन होती, बॉयलर होता, गोदामात साखर होती, आणि भोवती ऊस पिकवणारे दहा-वीस हजार सभासद होते. विकायला काढला तर कोणीतरी घ्यायचा आणि पुन्हा चालवायचा. विमान कंपनीचं तसं काय आहे? आणखी एक सांगतो. शेतकऱ्याच्या कर्जमाफीच्या वेळी 'पतशिस्त बिघडते' असं वारंवार बजावणारे लोक विमानाची गोष्ट निघाली की त्या शब्दाचा उच्चारही करत नाहीत, याचा मला संताप येतो. दोन एकरवाल्याची शिस्त बिघडते आणि एअरबस उडवणाऱ्याची बिघडत नाही, हे कोणत्या अर्थशास्त्रात बसतं?

आणि सरकारने भागभांडवल घेऊन, मालक होऊन पाहिलेलं नाही असंही नाही. एअर इंडियाला सावरण्यासाठी २०१२मध्ये ३०,२३१ कोटी रुपयांची योजना मंजूर झाली. २०२१मध्ये ती टाटांना विकली तेव्हा ऑगस्टअखेरचं कर्ज ६१,५६२ कोटी होतं. त्यातलं १५,३०० कोटी टाटांनी उचललं. उरलेले ४६,२६२ कोटी सरकारी कंपनीच्या माथी, म्हणजे तुमच्या-माझ्या. किंगफिशरच्या वेळी २०११मध्ये स्टेट बँकेच्या पुढाकारातल्या बँकांनी कर्जाचे शेअर करून घेतले, तेही बाजारात चालू असलेल्या भावाच्या दीडपटीहून जास्त दराने. पुढच्याच वर्षी ऑक्टोबरात विमानं कायमची जमिनीवर आली.

बाकीचे मुद्दे लवकर आटोपतात. रेल्वेचे रूळ, डबे, जमीन सरकारची आहे. तुलनाच होत नाही. लहान शहरांचं म्हणाल तर गो फर्स्ट १८६ आसनांची एअरबस उडवायची, आणि चिपी किंवा सोलापूरसारख्या विमानतळांवर सत्तरेक आसनांची एटीआर उतरते. त्या मार्गांसाठी उडान योजनेचं अनुदान आहे, ते तीन वर्षांनी संपतं आणि मग विमान गायब होतं. हे दुखणं खरं आहे, पण त्याचं औषध वेगळं आहे. नोकऱ्यांबद्दल पुढे बोलतो.

राहिली दोघांची मक्तेदारी. हा त्यांचा एकमेव जड मुद्दा आहे. डिसेंबर २०२५मध्ये लोक विमानतळावर रात्र-रात्र बसून राहिले, सरकारला भाड्यावर कमाल मर्यादा घालावी लागली, हे मी विसरलेलो नाही. पण निम्मी विमानं जमिनीवर असलेली कंपनी स्पर्धा करत नसते. तीही उड्डाणं रद्दच करत असते. शिवाय सरकारी पैशावर तगणारी कंपनी तोट्यात तिकिटं विकते आणि त्यामुळे आकासासारखी, ऑगस्ट २०२२मध्ये स्वतःच्या भांडवलावर सुरू झालेली नवी कंपनी घायाळ होते. मेलेल्याला उभं करण्याच्या नादात जिवंताचा गळा आवळला जातो.

'जगभर असंच करतात' हेही अर्धंच सत्य. ब्रिटनमध्ये २०१७मध्ये मोनार्क बुडाली, २०१९मध्ये थॉमस कुक बुडाली (भारतातली त्या नावाची कंपनी वेगळी). थॉमस कुकने सरकारकडे मदत मागितली होती, ती नाकारली गेली. मग सरकारने काय केलं? विमानं भाड्याने घेतली आणि परदेशात अडकलेल्या जवळपास दीड लाख लोकांना दोन आठवड्यांत घरी आणलं. तिथे सहलीच्या प्रत्येक प्रवाशामागे अडीच पौंड एका संरक्षण निधीत जातात, सहलीची कंपनी बुडाली तर त्यातून लोकांचे पैसे परत मिळतात. कंपनी गेली, माणसं वाचली.

मला हेच हवंय. माझ्या आक्काने काशीला जायचं म्हणून घरच्या सहा जणांची तिकिटं काढली होती. कंपनी बंद पडली. दावा कसा करायचा ते विचारत ती माझ्याकडे आली. आम्ही फॉर्म भरला, आधारची प्रत जोडली, बँकेचं पान जोडलं. दिवाळखोरीच्या कायद्यातली रांग तिला समजावून सांगताना मलाच लाज वाटली: आधी प्रक्रियेचा खर्च, मग तारण असलेल्या बँका आणि कामगारांचे चोवीस महिन्यांचे पगार, मग इतर कर्मचारी, मग बिनतारणी कर्ज देणारे, मग सरकारी देणी, आणि त्यानंतर कुठेतरी ती. तिकिटांचे कागद तिने लाइटबिलाच्या फायलीत जपून ठेवलेत. भाच्याचीही गत तीच. एका बंद पडलेल्या कंपनीकडे त्याचा चार महिन्यांचा पगार अडकला. त्या काळात घराचा हप्ता माझ्या बहिणीने दागिने गहाण ठेवून भरला.

म्हणून सरकारी पैसा खर्चायचाच असेल तर तो यांच्यावर खर्चा. प्रवाशाने आगाऊ भरलेले पैसे विमान उडेपर्यंत वेगळ्या खात्यात राहिले पाहिजेत, कंपनीला त्यांना हात लावता येता कामा नये. तिकिटामागे काही रुपयांचा निधी असावा. बंद पडलेल्या कंपनीतल्या तंत्रज्ञांचे आणि हवाई सेविकांचे तीन-चार महिन्यांचे पगार सरकारने आधी द्यावेत आणि मग अवसायनातून वसूल करावेत. मोकळ्या झालेल्या स्लॉटचा मोठा हिस्सा नव्या आणि लहान कंपन्यांसाठी राखून ठेवावा, म्हणजे मक्तेदारीवर खरा इलाज होईल. विमानाचं इंधन जीएसटीखाली आणावं. महाराष्ट्राने २०२३मध्ये मुंबई-पुण्यातला त्यावरचा कर २५ वरून १८ टक्क्यांवर आणला, तसा दिलासा सगळ्यांना सारखा मिळतो, एकट्या बुडत्याला नाही. यातला प्रत्येक तपशील मी पक्का करून आणलेला नाही, विशेषतः वेगळ्या खात्याने लहान कंपनीचं खेळतं भांडवल किती आटेल याचा हिशेब जाणकारांनी मांडावा.

आणि पुरवणीतले ते जाणकार उत्तर लिहिणार असतील तर एवढं जरूर सांगावं. ज्या दिवशी सरकारने बुडत्या कंपनीला पैसे दिले, त्या दिवशी संध्याकाळी ते कोणाकोणाच्या खात्यात गेलेले असतील, आणि त्या यादीत माझ्या आक्काचा नंबर कितवा असेल?