गुंडाचे घर आणि आपले घर

गुन्हेगारी टोळीच्या प्रमुखाचे घरगुती जीवन रंगविणाऱ्या मालिका आपल्या सुशिक्षित कुटुंबांत मोठ्या आवडीने पाहिल्या जातात. इंजिनिअर, डॉक्टर, प्राध्यापक आणि त्यांची महाविद्यालयात जाणारी मुले, सारेच एकत्र बसून त्या प्रमुखाच्या सुखदुःखाशी समरस होतात. त्यात काही विचार करण्याजोगे आहे असे कोणास वाटत नाही. कोणी आक्षेप घेतलाच, तर "ही केवळ करमणूक आहे, तुम्हा डॉक्टरांना प्रत्येक गोष्टीत रोग दिसतो," असे उत्तर मिळते. हा आरोप मला मान्य आहे. रोग पाहणे हा माझा व्यवसायच होय. आणि ज्या रोगात रोग्याला बरे वाटते तो रोग अधिक घातक, एवढे या व्यवसायाने मला निश्चित शिकविले आहे.

या प्रकारातील सर्वांत गाजलेली मालिका म्हणजे 'द सोप्रानोज'. डेव्हिड चेस यांनी निर्माण केलेली ही मालिका १९९९ ते २००७ या काळात एच.बी.ओ. वाहिनीवरून प्रसारित झाली. तिचे एकूण ८६ भाग आहेत. न्यू जर्सीतील इटालियन वंशाचा टोळीप्रमुख टोनी सोप्रानो, त्याची पत्नी कार्मेला आणि दोन मुले यांची ही कथा आहे. मालिका संपून दीड तप उलटले आणि टोनीची भूमिका करणारे जेम्स गॅन्डॉल्फिनी २०१३ साली निवर्तले. तरी तिची मोहिनी ओसरलेली नाही. मालिका चालू असताना जन्मलेली मुले आज ती घरबसल्या पाहतात आणि टोनीची बाजू घेऊन वाद घालतात.

ही मोहिनी कशात आहे? टोनीच्या पिस्तुलात ती नाही. त्याच्या स्वयंपाकघरात आहे. टोनी मुलीच्या शिक्षणाची काळजी वाहतो, आईच्या स्वभावाने त्रस्त होतो, मुलगा अभ्यास करीत नाही म्हणून चिडतो, रविवारी सर्व आप्तांना जेवावयास जमवितो. परदेशात येऊन घर उभे केलेल्या कोणत्याही पित्यास हा माणूस ओळखीचा वाटावा अशीच त्याची घडण आहे. पहिल्याच वर्षातील एका भागात तो मुलीला महाविद्यालये दाखविण्यास मेन राज्यात घेऊन जातो. आपणही अशा सहली केल्या आहेत. परंतु त्याच सहलीत, मुलगी मुलाखतीला गेली असता, टोनी टोळीच्या एका जुन्या खबऱ्याला गाठतो आणि स्वतःच्या हातांनी तारेने त्याचा गळा आवळून जीव घेतो. मग तो मुलीला घेण्यास परत येतो. प्रेक्षकाच्या मनात त्या क्षणी कोणती चिंता असते, हे प्रत्येकाने प्रामाणिकपणे स्वतःस विचारावे. मेलेल्या माणसाची चिंता फारच थोड्यांना असते. मुलीला कळले तर काय, ही चिंता बहुतेकांना असते.

पुढच्या वर्षीच्या भागांत टोनीचा एक शाळासोबती जुगारात बुडतो. टोनी त्याचे खेळाच्या साहित्याचे दुकान कर्जापोटी गिळंकृत करतो. त्या माणसाच्या मुलाची गाडी टोनीच्या मुलीच्या दारात भेट म्हणून येते, आणि ती दोन्ही मुले एकाच शाळेत शिकत असतात. एका घराचे वैभव दुसऱ्या घराच्या उद्ध्वस्ततेतून येते, हे इतक्या उघडपणे सांगितलेले असूनही आपली सहानुभूती वैभवाच्या घरातच मुक्काम ठोकून राहते.

मालिकेच्या कर्त्यांनी गुन्ह्याचे समर्थन केले, असे म्हणणे अन्यायाचे होईल. उलट, त्यांनी सत्य सांगणारी पात्रे निर्माण केली आणि त्यांपैकी दोन पात्रे आमच्याच व्यवसायातील आहेत. २००१ मधील एका भागात कार्मेला एका वृद्ध मनोविकारतज्ज्ञाकडे जाते. तो तिला स्पष्ट सांगतो की, मुलांना घेऊन हे घर सोड. तिच्याकडून तो फीसुद्धा घेत नाही, कारण तो पैसा रक्ताने माखलेला आहे. कार्मेला ते ऐकते, आणि घरीच राहते. टोनीवर अनेक वर्षे उपचार करणाऱ्या डॉ. मेल्फी शेवटून दुसऱ्या भागात त्याला दार दाखवितात. अशा मनोवृत्तीच्या माणसाला संभाषणाचे उपचार सुधारीत नाहीत, उलट अधिक चतुर करतात, असा अभ्यास त्यांच्या वाचनात आलेला असतो. वर्षानुवर्षे टोनी त्यांच्या खुर्चीत बसून दुःख सांगतो आणि बाहेर पडून तेच कर्म करतो. आपल्या परंपरेत अंगुलिमालाची कथा आहे. तोही मारेकरीच होता. परंतु तो आधी थांबला, शस्त्र टाकले आणि नंतर भिक्षेच्या वाटेवर लोकांनी मारलेले दगड निमूटपणे सोसले. थांबण्याआधीच क्षमा मिळावी, ही मागणी मात्र टोनीची आहे. मालिका ती मागणी नाकारते. मंजूर करतो तो प्रेक्षक. म्हणूनच "मालिका तर गुन्ह्याविरुद्धच आहे" हे उत्तर अपुरे आहे. औषधाच्या बाटलीवर विषाची सूचना छापलेली असली, तरी पिणाऱ्याने ती वाचली पाहिजे.

आता मूळ मुद्द्याकडे वळू. या टोळीचा नीतिनियम काय आहे? आपल्या माणसाशी निष्ठा आणि बाहेरच्यापुढे मौन. त्या मौनाला 'ओमेर्ता' असे नाव आहे. टोळीचा पूर्ण सदस्य होण्यास इटालियन वंशात जन्म लागतो. बाहेरचा माणूस कितीही उपयोगी असला तरी तो बाहेरचाच. टोनीची मुलगी महाविद्यालयात एका कृष्णवर्णीय मातेच्या मुलाशी मैत्री करते, तेव्हा टोनी त्या मुलाचा वंशावरून अपमान करतो आणि त्याला मुलीपासून दूर राहण्यास बजावतो. जन्मावरून सदस्यत्व, बेटीव्यवहारावर पहारा, आतल्यांसाठी एक नीती आणि बाहेरच्यांसाठी दुसरी! बंधू-भगिनींनो, ही व्यवस्था आपण कोठे पाहिली आहे? बाबासाहेबांनी १९३६ साली 'अॅनिहिलेशन ऑफ कास्ट'मध्ये जातिव्यवस्थेवर हाच आरोप ठेवला होता. जातीने माणसाची सहानुभूती जातीपुरती आकुंचित केली, सद्गुणाला जातीची कुंपणे घातली, आणि त्यामुळे सार्वजनिक जाणीव मारली गेली. ज्यांच्या पूर्वजांना त्या कुंपणाबाहेर ठेवले गेले, त्यांच्याच नातवंडांनी कुंपणाच्या आतील ऊब पाहून भारावून जावे, ही विपरीत गोष्ट आहे.

टोळीप्रमुख समाजाचा कैवारी म्हणून मिरवू लागतो, तेव्हा धोका दुणावतो. न्यूयॉर्कमधील टोळीप्रमुख जोसेफ कोलंबो यांनी १९७० मध्ये इटालियन-अमेरिकनांच्या नागरी हक्कांसाठी संघटना काढली. आपल्या समाजाची बदनामी होते, अशी तिची तक्रार होती. 'गॉडफादर' चित्रपटाच्या निर्मात्यांना पटकथेतून 'माफिया' हा शब्द वगळण्याचे तिने मान्य करावयास लावले. १९७१ च्या जूनमध्ये त्याच संघटनेच्या मेळाव्यात कोलंबो यांच्यावर गोळ्या झाडण्यात आल्या. बदनामीची तक्रार खरी होती, कारण लक्षावधी कष्टाळू इटालियनांवर मूठभरांचा डाग लागत होता. परंतु तो डाग लावणाराच ध्वज घेऊन पुढे चालत होता.

महाराष्ट्रात वेगळे काय घडले? मुंबईतील कापड गिरण्यांचा संप १८ जानेवारी १९८२ रोजी सुरू झाला. सुमारे अडीच लाख कामगार त्यात उतरले. तो औपचारिकपणे कधी मागेच घेतला गेला नाही. गिरण्या बंद पडत गेल्या, लालबाग-परळच्या चाळींतील तरुण बेकार झाले आणि त्यांतील काहींना टोळ्यांनी जवळ केले. पुढे गिरण्यांच्या जमिनींवर मॉल आणि मनोरे उभे राहिले. १९९४ मध्ये गिरणीमालक सुनीत खटाव यांचा खून झाला. १९९७ च्या जानेवारीत संपाचे नेते डॉ. दत्ता सामंत यांना मारेकऱ्यांनी पवईत गोळ्या घालून ठार केले. सामंत हेही वैद्यकीय पदवीधर होते. कामगारांच्या जखमा बांधता बांधता ते कामगारांच्या प्रश्नाकडे वळले होते. त्याच वर्षी दगडी चाळीच्या अरुण गवळी यांनी अखिल भारतीय सेना हा पक्ष काढला, २००४ मध्ये ते चिंचपोकळीतून आमदार झाले आणि नगरसेवक कमलाकर जामसंडेकर यांच्या २००७ मधील खुनाबद्दल २०१२ मध्ये त्यांना जन्मठेपेची शिक्षा झाली. न्यायालयाने खुनाचा दोष सिद्ध मानल्यानंतर तीन वर्षांनी, २०१५ मध्ये, 'दगडी चाळ' हा मराठी चित्रपट आला. २०१७ मध्ये हिंदीत 'डॅडी' आला. तरुणांच्या तोंडी 'डॅडी' बसले. जामसंडेकरांच्या घरातील रिकाम्या खुर्चीवर कोणी चित्रपट काढला नाही. संपकऱ्याची कथा हरण्याची आणि गुंडाची कथा जिंकण्याची, असे आपण ठरवून टाकले. वस्तुतः दोघेही त्याच जमिनीच्या व्यवहारात भरडले गेले, आणि नफा तिसऱ्याच्या खात्यात जमा झाला.

गुंड हा खालून, वस्तीतून, कसा दिसतो ते पाहावयाचे असेल तर नागपूरच्या कस्तुरबानगरात जावे लागेल. ही प्रामुख्याने दलितांची वस्ती. अक्कू यादव नावाच्या गुंडाने तेथे दहा वर्षांहून अधिक काळ खंडणी, खून आणि बलात्कार यांचे राज्य चालविले. स्त्रिया पोलिसांकडे तक्रारी नेत राहिल्या. दखल घेतली गेली नाही. अखेर १३ ऑगस्ट २००४ रोजी नागपूरच्या न्यायालयातच संतप्त जमावाने त्याला ठार केले. त्यात वस्तीतील स्त्रिया मोठ्या संख्येने होत्या. अटका झाल्या तेव्हा वस्तीतील अनेक स्त्रिया 'आम्हालाही अटक करा' म्हणून पुढे आल्या, आणि २०१४ मध्ये पुराव्याअभावी आरोपींची सुटका झाली. त्या कृत्याचा गौरव मी करीत नाही. न्यायालयाच्या दालनात रक्त सांडणे हा संविधानाचा मार्ग नव्हे. परंतु त्या दालनात त्या दिवशी कायद्याआधी पोहोचलेला संताप कोणी निर्माण केला, याचे उत्तर गणवेशातील ज्यांनी तक्रारी दाबल्या त्यांनी दिले पाहिजे. अक्कू यादवलाही घर असेल, तोही कोणाच्या ताटाला ताट लावून जेवत असेल. कॅमेरा त्या ताटाशी नेऊन ठेवला असता, तर आपण त्याच्याही प्रेमात पडलो असतो काय? या प्रश्नाचे उत्तर 'नाही' असेल, तर टोनीच्या बाबतीत ते 'होय' का? टोनीच्या हातून मरणारे आपल्या वस्तीतील नाहीत, एवढेच त्याचे कारण आहे. आणि हे कारण जातीचे आहे, माणुसकीचे नाही.

मौनाचा कायदा केवळ टोळ्यांत चालतो, असेही समजू नये. आपण राहतो त्या कॅलिफोर्नियातील डब्लिनमध्येच स्त्रियांचे एक संघीय कारागृह होते. तेथील अधिकाऱ्यांनी कैदी स्त्रियांवर लैंगिक अत्याचार केले. कारागृहाचे वॉर्डन डिसेंबर २०२२ मध्ये दोषी ठरले; धर्मोपदेशकालाही शिक्षा झाली. सरकारी गणवेश, सरकारी वेतन, आणि आत मात्र टोळीचाच नियम: सहकाऱ्याविरुद्ध बोलावयाचे नाही. त्या स्त्रिया बोलल्या, म्हणून २०२४ मध्ये ते कारागृह बंद झाले आणि त्याच वर्षीच्या डिसेंबरात १०३ स्त्रियांना सुमारे ११ कोटी ६० लाख डॉलर्स भरपाई देण्याचे शासनाने मान्य केले. आपल्या घरांपासून काही मिनिटांच्या अंतरावरची ही कथा. आपल्यापैकी किती घरांत तिची चर्चा झाली आणि किती घरांत टोनी सोप्रानोची झाली, याचा हिशेब ज्याने त्याने करावा.

आता थोडे कटू बोलतो. आपल्या कुटुंबांतही हा कायदा आहे. तपासणीच्या खोलीत एखादी भगिनी हातावरचे वळ घेऊन बसते आणि सोबत आलेले नातलग "जिन्यावरून पडली" म्हणून सांगतात, तेव्हा कुटुंबाची इज्जत हा शब्द माझ्या कानी पडतो. संस्थांमध्ये हिशेब विचारणाऱ्याला "समाजात फूट पाडू नका" म्हणून गप्प बसविले जाते, तेव्हाही तोच सूर मी ऐकतो. वैद्यकाला रुग्णाचे गुपित राखावे लागते; परंतु ते गुपित रुग्णाच्या रक्षणासाठी असते, मारणाऱ्याच्या नव्हे. "आपला माणूस आहे, सांभाळून घ्या" या वाक्यात टोळीचे सारे शास्त्र सामावलेले आहे. २५ नोव्हेंबर १९४९ रोजी घटना समितीत बाबासाहेबांनी राजकारणातील विभूतिपूजेविरुद्ध इशारा दिला होता. आपण तो केवळ नेत्यांना लागू करतो. तो घरातील कर्त्या पुरुषालाही लागू आहे आणि संस्थेच्या अध्यक्षालाही.

मालिकांवर बंदी घाला, असे मी म्हणत नाही. बंदीने मुलांची रुची शहाणी होत नाही. माझी विनंती एवढीच की, या मालिका मुलांसोबत बसून पाहा आणि प्रत्येक भागानंतर एकच प्रश्न विचारा: आज ज्याचे दुकान गेले, ज्याचा जीव गेला, त्याच्या घरी आज रात्री काय झाले असेल? त्या घराची कथा मुलांना रचू द्या. कस्तुरबानगर आणि डब्लिनचे कारागृह, या दोन्ही गोष्टी मुलांना सांगा. ज्या धम्माने करुणेला नात्यागोत्याची मर्यादा ठेवली नाही, त्याचे आपण अनुयायी म्हणवितो. आपल्या मुलाला गुंडाच्या मुलीची काळजी वाटते, हे वाईट नाही. तिच्या दारात उभी असलेली गाडी कोणाची आहे, हेही त्याला दिसले पाहिजे.