पेटी घरची, किल्ली परक्याची

मुंबईत तीस-पस्तीस वर्षे चाकरी करून निवृत्त झालेला माणूस हरिहरेश्वरास वडिलोपार्जित घरी परततो, तेव्हा टेम्पोतून उतरणाऱ्या सामानाकडे जरा बारकाईने पाहावे. फ्रीज भिंतीतील सॉकेटला जोडताच चालू होतो, कारण तीन पिनांचे माप मुंबईत आणि श्रीवर्धन तालुक्यात एकच आहे. पंखा फिरतो, मिक्सर चालतो. बागमांडल्याला जंगल जेट्टीवर गाडी चढवून सावित्रीची खाडी ओलांडली आणि वेश्वीस, म्हणजे रत्नागिरी जिल्ह्यात उतरले, तरी त्या गाडीस कोणी हरकत घेत नाही. या सर्व सामानात एकच वस्तू अशी असते, की जी रोख पैसे मोजून घेतलेली असूनही नव्या जागी निर्जीव ठरते. ती म्हणजे केबलचा सेट-टॉप बॉक्स.

पेटीत बिघाड नसतो. केबल कंपनी आपल्या वाहिन्या कुलूपबंद स्वरूपात पाठविते आणि ते कुलूप उघडण्याची किल्ली पेटीतील कार्डात अथवा चिपमध्ये असते. प्रत्येक कंपनीची कुलपाची पद्धत निराळी. गावातील केबलचालक योगायोगाने त्याच मोठ्या कंपनीकडून वाहिन्या घेत असेल तर गोष्ट वेगळी. एरवी जुनी पेटी माळ्यावर आणि नवीसाठी पुन्हा खिशात हात. छपरावर तबकडी लावणाऱ्या डीटीएच ग्राहकाची स्थिती किंचित बरी म्हणावयाची. उपग्रह मुंबईवर तोच आणि हरिहरेश्वरावरही तोच असल्याने, कंपनी न बदलल्यास त्याची पेटी चालते. परंतु कंपनी बदलण्याचा विचार त्याने केला, की त्याचीही गत केबलच्या ग्राहकासारखीच होते.

असे पूर्वी नव्हते, याचे स्मरण आजच्या विद्यार्थ्यांना असण्याचे कारण नाही. २ ऑक्टोबर १९७२ रोजी मुंबई दूरदर्शन सुरू झाले, त्या काळी टपाल कचेरीत परवान्याचे शुल्क भरावे लागे, ही कटकट होतीच. पण संच मात्र सर्वस्वी घरमालकाचा होता. अँटेना उभारली आणि प्रक्षेपण पोहोचत असले की तो कोठेही चालत असे. १९९० नंतर केबल आली, तेव्हाही तार थेट संचाला जोडली जाई. पेटी मध्ये आली ती कायद्याने. केबल टेलिव्हिजन जाळ्यांच्या नियमनाचा १९९५ चा कायदा २०११ मध्ये दुरुस्त झाला आणि अंकीय प्रक्षेपण टप्प्याटप्प्याने सक्तीचे करण्यात आले. मुंबईची मुदत २०१२ च्या ऑक्टोबरअखेर होती. पुणे, नाशिक, नागपूर, सोलापूर आदी शहरांची पाळी २०१३ च्या मार्चअखेर आली आणि अनेकदा वाढविलेली मुदत संपून ग्रामीण भागाची ३१ मार्च २०१७ रोजी.

अंकीय प्रक्षेपणाचे लाभ नाकारण्याचे कारण नाही. चित्र स्वच्छ झाले, वाहिन्या वाढल्या, केबलचालकाने ग्राहकांची संख्या लपविण्यास आळा बसला आणि सरकारचा करही वाढला. परंतु ज्या वस्तूची खरेदी कायदाच नागरिकावर लादतो, त्या वस्तूचे मूल्य एका स्थलांतराने शून्य होऊ नये, हे पाहण्याची जबाबदारीही त्याच कायद्यावर येते. ती कोणी घेतलेली दिसत नाही. अनेकदा तर पावतीवर ‘ॲक्टिव्हेशन’ एवढाच शब्द असतो आणि पेटी विकत दिली की वापरावयास दिली, हे घेणाऱ्यास अखेरपर्यंत उमगत नाही.

नियमकर्त्यांना याची जाणीवच नव्हती, असे मात्र म्हणता येणार नाही. डीटीएचसाठी मार्च २००१ मध्ये जी मार्गदर्शक तत्त्वे आली, त्यांतच एका कंपनीची पेटी दुसरीकडे चालली पाहिजे, अशी अट होती. त्यासाठी पेट्यांना एक खाचही ठेवण्यात आली, जिच्यात दुसऱ्या कंपनीचे कुलूप उघडणारा जोड बसावा. प्रत्यक्षात तो जोड नव्या पेटीच्या तोडीचा महाग पडू लागला; शिवाय कोणी चित्रसंकेतांची जुनी पद्धत वापरी, तर कोणी नवी. अट कागदावर राहिली. पुढे १० एप्रिल २०२० रोजी दूरसंचार नियामक प्राधिकरणाने, म्हणजे ट्रायने, सरकारला शिफारस केली, की केबलची पेटी कोणत्याही केबलवर आणि डीटीएचची कोणत्याही डीटीएचवर चालावी, अशी सक्ती करावी. दोहोंना चालणारी एकच पेटी महाग पडेल, हे ट्रायने मान्य केले होते, म्हणजे मागणी अवास्तव नव्हती. परंतु ट्रायची शिफारस सरकारवर बंधनकारक नसते. पेटीच्या दुकानात जाऊन ‘कोणतीही कंपनी चालेल’ असे सांगण्याचा दिवस अद्याप उजाडलेला नाही.

कंपन्यांचे म्हणणे दोन मुद्द्यांचे आहे. समाईक कुलूप ठेवल्यास चोरी वाढेल, हा पहिला. तो पोकळ नाही. तथापि कुलूप समाईक करण्याची आवश्यकताच नाही, किल्ली बदलता आली की पुरे. मोबाईल हँडसेट तोच ठेवून सिम बदलले जाते, तेव्हा कोणत्याही कंपनीचे जाळे असुरक्षित होत नाही. मुंबई आणि उर्वरित महाराष्ट्र ही दूरसंचाराची दोन मंडळे असूनही जुलै २०१५ पासून क्रमांकसुद्धा कायम ठेवून कंपनी बदलता येते. दुसरा मुद्दा खर्चाचा. पेटी थोडी महाग होईल, हे खरे. पण आज तोच खर्च दोनदा करणारा ग्राहक हिशेबातच धरलेला नाही. अर्थशास्त्राच्या भाषेत सांगावयाचे तर, कंपनी सोडण्याची किंमत जितकी अधिक, तितकी कंपनीला चांगली सेवा देण्याची गरज कमी. किल्लीच्या मागील खरा स्वार्थ तो आहे.

प्रगत देशांतही हा तंटा सहज मिटला नाही. अमेरिकेत टेलिफोनच्या तारेला ग्राहकाने स्वतःचे यंत्र जोडावे की नाही, याचा निकाल १९६८ मध्ये ग्राहकाच्या बाजूने लागला आणि पुढे बाजारात नाना प्रकारची यंत्रे आली. केबलपेटीसाठी तेथे १९९६ च्या कायद्याने असाच प्रयत्न केला. कंपन्यांनी वेगळे कार्ड द्यावे असे ठरले, पण ते कधी रुजले नाही आणि २०२० मध्ये ती सक्ती काढून टाकण्यात आली. आपल्याकडे मात्र प्रसार भारतीने डिसेंबर २००४ मध्ये सुरू केलेल्या, आज डीडी फ्री डिश म्हणून ओळखल्या जाणाऱ्या सेवेची पेटी बाजारात कोणत्याही दुकानातून आणता येते. त्या सेवेतील बहुसंख्य वाहिन्यांना कुलूपच नसल्याने ती घराबरोबर हलते. खुल्या मानकाने काय साधते, हे पाहण्यास परदेशी जाण्याची गरज नाही.

२०२४ मध्ये ट्रायने जोडणी आणि स्थलांतराच्या शुल्कांवरील मर्यादाही उठविली. स्पर्धा असलेल्या शहरात त्याने फारसे बिघडणार नाही. एकच केबलचालक असलेल्या गावी, जिथे निसर्ग चक्रीवादळाने जून २०२० मध्ये तारा आणि तबकड्या दोन्ही नेल्या, तिथे ते शुल्क ठरविणारा आणि घेणारा एकच असतो. सार्वत्रिक पेटी येण्यास वेळ लागणार असेल, तर निदान एवढे तरी व्हावे: जोडणी तोडताना कंपनीने पेटी परत घ्यावी, वापराच्या वर्षांप्रमाणे घट ठरवून उरलेली रक्कम द्यावी आणि त्या घटीचा तक्ता पेटी देतानाच पावतीवर छापावा. गॅसची जोडणी सोडताना सिलिंडर आणि रेग्युलेटर जमा केले की अनामत मिळते. ती व्यवस्था या देशात कित्येक वर्षे चालू आहे.