हाडाची गाठ : गोठवणारी सुई आणि पहिला एक्स-रे

आमच्या भोर-वेल्हे भागातील शेतकऱ्याला द्रवरूप नायट्रोजन नवा नाही. गाई-म्हशींच्या कृत्रिम रेतनासाठी आणलेल्या भांड्याचे झाकण उघडताच पांढरी वाफ दिसते, ती त्याचीच. त्याचे तापमान उणे १९६ अंश सेल्सिअस असते. खास द्रावणात जपून गोठवलेले वीर्य त्यात टिकते. पण कर्करोगाची पेशी तशीच गोठवली, तर आत बर्फाचे स्फटिक होऊन ती फुटते.

न्यूयॉर्कचे डॉ. राल्फ मार्कोव्ह यांनी १९६० च्या दशकात हाडातील गाठ खरवडून त्या पोकळीत द्रवरूप नायट्रोजन ओतण्याची पद्धत रूढ केली. आता मोठा छेद न घेता, सी. टी. स्कॅनवर पाहत बारीक सुई गाठीत घालता येते. सुईच्या टोकाशी आरगॉन वायू प्रसरण पावतो आणि गाठीभोवती बर्फाचा गोळा तयार होतो. गाठ गोठवायची, वितळू द्यायची, पुन्हा गोठवायची, अशी ही रीत आहे.

मात्र वाचकांनी भुलून जाऊ नये. हा उपचार मुख्यतः दुसऱ्या अवयवातून हाडात पसरलेल्या कर्करोगाच्या वेदना कमी करण्यासाठी आणि काही निवडक लहान गाठींसाठी आहे. वाढत्या वयातील मुलांना होणाऱ्या ऑस्टिओसार्कोमावर आजही केमोथेरपी आणि शस्त्रक्रिया हेच मुख्य उपचार आहेत.

माझ्या मते आपल्याकडे खरा प्रश्न सुईचा नाही, उशिराचा आहे. पोराचा गुडघा दुखतो, तेव्हा 'खेळताना मुरगळला असेल' म्हणून लेप, पट्टी आणि चोळणे यांत महिने जातात. हिर्डोशी खोऱ्यातून किंवा पासलीकडून तालुक्याला यायचे म्हणजे एक दिवसाची मजुरी बुडते, हे खरे. पण गाठ थांबत नाही.

म्हणून सांगतो, दोन-तीन आठवडे न थांबणारे, रात्री झोप मोडणारे दुखणे आणि सूज असेल, तर ती जागा चोळू नका. आधी एक्स-रे काढा. शंका आली तर गाठीचा तुकडा कुठेही काढून घेऊ नका. पुढची शस्त्रक्रिया जिथे होणार, तिथेच तो काढावा. १९४१ पासून परळला टाटा रुग्णालय आहे. महात्मा फुले जनआरोग्य योजनेत कर्करोगाचे अनेक उपचार बसतात. रेशनकार्ड सोबत ठेवून चौकशी करा.

गोठवणारे यंत्र शहरातच राहील. पहिला एक्स-रे मात्र तालुक्यातच आणि वेळेवर निघाला पाहिजे. पाय वाचतो तो तिथे.