जास्वंदीची कसोटी

हंगामी रोपे तीन-चार महिन्यांत निरोप घेतात. बहुवर्षायू झाड मात्र घरच्या माणसासारखे राहते आणि त्याची दुखणीही घरचीच होऊन बसतात. अंगणातील पारिजातकाचा आनंद निर्मळ. पावसाळा सरता सरता तो बहरतो, रात्री उमलतो, पहाटे फुले स्वतःच गाळतो. खाली स्वच्छ वस्त्र पसरून ठेवले की पूजेसाठी फूल तोडावे लागत नाही.

मोगऱ्याचे वेगळे. हिवाळ्यात पाणी तोडून छाटणी केल्याशिवाय तो उन्हाळ्यात मनासारखा फुलत नाही. वनस्पती एकेंद्रिय जीव, हे ठाऊक असलेल्याचा हात कात्रीवर थबकतोच. गृहस्थाची आरंभी हिंसा समजून मी छाटणी मोजकी करतो.

खरी कसोटी जास्वंदीने घेतली. गेल्या वर्षी तिचे शेंडे पिठ्या ढेकणांनी पांढरेफटक झाले. रोपवाटिकेतून फवारणीचे औषध आणलेही. पण त्रसजीवांना मारण्याच्याच हेतूने केलेली फवारणी संकल्पी हिंसेपासून कितीशी दूर? बाटली परत केली. कीड लागलेले शेंडे कापून कुंपणापलीकडच्या रानवट झुडपांत, सावलीत ठेवले. त्यांतले किती जीव जगले, याचा हिशेब माझ्यापाशी नाही.

चूक त्याआधीची होती. फुलांच्या लोभाने मी नत्रयुक्त खत सढळ हाताने घातले होते. त्याने पालवी लुसलुशीत होते आणि रस शोषणाऱ्या किडीचे फावते. आता खत निम्मे, झाडांत अंतर अधिक, शेंड्यांची पाहणी रोज. यंदा जास्वंदीला फुले थोडी कमी आहेत.